जानेवारीत अरुगम बे नको, वेलिगामा बघा
ताई, तुम्ही लिहिलंय की जानेवारीत 10 वर्षांच्या लेकीला घेऊन मुंबईहून श्रीलंकेला सर्फिंग शिकायला जाताय आणि अरुगम बेला राहायचा विचार आहे, तर प्लीज तिथलं बुकिंग करू नका. तो पूर्व किनारा, तिथला सीझन साधारण मे ते सप्टेंबर, जानेवारीत तिकडे ईशान्य मान्सून असतो. नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण किनाराच.

शिकायला तिथलं वेलिगामा. खाली वाळू, लांबलचक बे, लाटा हळू फुटतात, पडलं तरी नाकातोंडात पाणी जातं एवढंच. मी जवळच मिडिगामाला राहिले होते, रूम स्वस्त आणि मस्त शांत, पण तिथे रीफ म्हणजे पाण्याखाली खडक आहे आणि दुसऱ्याच दिवशी तळपायात सी अर्चिनचे (काटेरी समुद्री जीव) काळे बारीक काटे घुसले, चिमट्याने काढताना आतच तुटत होते, पुढचे तीन दिवस नुसती किनाऱ्यावर बसून. लेकीला तिथे अजिबात नेऊ नका.

फक्त वेलिगामाचा मेन रोड बीचला अगदी खेटून आहे, बसवाले सुसाट, त्यामुळे रूम मागच्या गल्लीत घ्या. मिरिसाचा बीच टुकटुकने (तिथली रिक्षा) जवळच. आणि रॅश गार्ड (सर्फिंगचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) इथूनच घेऊन जा, बोर्डवर पोट पार सोलवटून निघतं.