बॅचमधले जे गेले त्यांची आठवण कशी ठेवायची?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमचं कॉलेज म्हणजे आर्ट, आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग तिन्ही एकाच आवारात, सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे एकाच चहाच्या गाड्यावर. डिसेंबरात सांगलीत ३० वर्षांनी गेट-टुगेदर आहे. आमच्यातले ९ जण आता नाहीत. कमिटी म्हणतेय फ्लेक्सवर ९ फोटो लावू, हार घालू, दोन मिनिटं शांत उभं राहू आणि मग जेवण. मला ते फार कोरडं वाटतंय. त्यात माझा रूममेट आहे हो, आम्ही चार वर्षं एका खोलीत काढलीत. कुणी वेगळं काही केलंय का?

कृष्णाकाठ:
आधी प्रत्येकाच्या घरी फोन करा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका. आमच्याकडं नाव सारखं म्हणून एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली, त्याच्या आईला किती फोन गेले असतील विचार करा. मुलींची माहेरची नावं पण लिहा, आपण त्यांना त्याच नावानं हाक मारायचो ना. आणि मधेच कॉलेज सोडून गेलेल्यांनाही धरा, तेही आपलेच.

पेन्सिल६बी:
मी काही वर्षं न्यूयॉर्कला होते. तिथं कूपर युनियन कॉलेज आहे, १८५९ चं, तिथंही तुमच्यासारखंच आर्ट, आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग एकत्र. पीटर कूपर स्वतः शाळा जेमतेम शिकलेला कारखानदार, त्यानं ते काढलं. ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर तिथलाच, २०२० ला ९१ व्या वाढदिवशीच गेला. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चं ते लाल बदामाचं चिन्ह त्यानं टॅक्सीत बसून खडूनं खरडलं होतं, तो चिटोरा तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं जपलाय! शिल्पकार एव्हा हेस पण तिथलीच, १९७० ला ३४ व्या वर्षी ब्रेन ट्यूमरनं गेली, पण तिनं दोरी, लॅटेक्स, फायबरग्लासमधून केलेलं काम बघताना माझा पाय निघेना. म्हणून सांगते, फोटो असू देत पण शेजारी हातचं काम ठेवा. इंजिनिअरिंगवाल्यांचं सर्व्हेचं फील्ड बुक, वर्कशॉपमध्ये कानशीनं घासलेला लोखंडाचा तुकडा (फिटिंगचा जॉब), काहीही चालेल.

विश्रामबागकर:
हे मनापासून पटलं. पण रूममेटचं घर हरभट रोडच्या बाजूला, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्याच्या ड्रॉइंगच्या शीट्स भिजल्या. वहिनींनी गुंडाळी अजून ठेवलीय, पण कागद एकमेकांना चिकटलेत म्हणून उघडायचं धाडस होत नाही त्यांचं.

टीस्क्वेअर:
ओढू नका अजिबात, पोस्टर कलर असेल तर रंग पलीकडच्या कागदावर निघून येतो. वरची एखादी सहज सुटली तर घ्या, बाकीची जुन्या कागदांचं काम करणाऱ्या माणसाकडं द्या. अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगची अमोनियावर काढलेली कॉपी, असेल तर उजेडात फिकी पडते, तेव्हा स्कॅन करून त्याची प्रत लावा, मूळ घरीच राहू दे.

विश्रामबागकर:
काल वहिनींकडं जाऊन आलो. सगळ्यात वरची शीट सुटली, बसस्टँडचा प्लॅन, निम्मा पुसलाय. पण खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉकमध्ये त्याचं नाव आणि रोल नंबर अगदी स्वच्छ आहे, त्याच्या त्या तिरक्या लेटरिंगमध्ये. वहिनी म्हणाल्या, भावजी, फ्लेक्सवर छापील नाव नको, हेच लावा. आता बाकी आठ जणांच्या घरीही विचारतोय, शीट, जर्नल, कशावर तरी त्यांच्या हातानं लिहिलेलं नाव आहे का म्हणून.