फोटोत विनोद खन्ना पहिला, पडद्यावर मात्र नजर दुसऱ्यावरच खिळते. असं का?

चंद्रकोर

भाचीशी चाललेला वाद इथे आणतेय, कारण मला त्याचं उत्तर खरंच हवंय. तिनं जुन्या-नव्या नटांचे फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाली, "मावशी, लाव नंबर." ते सोपं होतं. पहिला विनोद खन्ना. हनुवटीतली खळी, भरदार खांदे, नुसतं उभं राहण्यातही डौल. त्या चेहऱ्यात कुठे काही उणं नाही. त्याच्या मागोमाग साठच्या दशकातला धर्मेंद्र, मग शशी कपूर, मग हृतिक रोशन. तेवढ्यात तिनं विचारलं, "आणि ज्यांचे सिनेमे तू पुन्हा पुन्हा लावतेस, ते कुठायत?" ते या चौघांत नव्हतेच. दिलीपकुमार, फारुख शेख, इरफान आणि 'दीवार'मधला अमिताभ. दिलीपकुमार सोडला तर फोटोंच्या स्पर्धेत यांतलं कुणी वर आलं नसतं.

'दीवार'चंच (१९७५) घ्या. शशी कपूर अमिताभपेक्षा वयानं साडेचार वर्षांनी मोठा, तरी धाकटा भाऊ म्हणून सहज खपून जातो, इतका नितळ चेहरा. पोलिसाचा गणवेश अंगावर बेतून शिवल्यासारखा. न्याय त्याच्या बाजूनं, आई त्याच्या बाजूनं, पुलाखालच्या त्या भेटीत शेवटचं वाक्यसुद्धा त्याचंच. आणि मी बघत राहते ती समोरच्या विजयकडे, म्हणजे अमिताभकडे. बंगला, गाडी, पैसा सगळं बोलून झालंय, भावाचं उत्तर मिळालंय आणि आता त्याच्याकडे म्हणायला काही उरलेलं नाही. गोदामातल्या मारामारीआधी तो खुर्चीत पाय पसरून शांत बसलेला असतो, कमरेशी निळ्या शर्टाला गाठ मारलेली, तेव्हाही तेच. लांबट चेहरा, काटकुळे पाय, आणि तरीही त्या खोलीत दुसरं कुणी दिसतच नाही.

"तो नट चांगला, म्हणून आवडतो" एवढ्यानं माझं समाधान होत नाही. संजीवकुमार फार मोठा नट. 'कोशिश'मध्ये (१९७२) एकही शब्द न बोलता त्यानं जे केलंय त्यापुढे मी हात जोडते. पण त्याच्याविषयी ही ओढ कधी वाटली नाही. म्हणजे अभिनय वेगळा, रूप वेगळं आणि हे तिसरंच काहीतरी. ते कशातून येतं? "ज्याची त्याची आवड" म्हणून सोडून देऊ नका, कृपया. माझ्याइतक्याच असंख्य बायकांना 'दीवार'मध्ये हेच वाटलंय, म्हणजे त्यात काहीतरी सामाईक असणार.

मधली_रांग

ताई, माझ्या मते निम्मं काम भूमिका करते. पुरावा म्हणून एकाच माणसाचे एकाच वर्षातले दोन सिनेमे बघा. १९६६ साली धर्मेंद्रचा 'फूल और पत्थर' आला. उघड्या अंगाचा, दणकट, गुन्हेगार नायक. त्या सिनेमानं तो मोठा स्टार झाला. त्याच वर्षी 'अनुपमा'ही आला. त्यात तो लेखक आहे, साध्या कपड्यांतला, हळू बोलणारा. एका समारंभात सगळ्यांसमोर उभा राहून गातो, आवाज हेमंतकुमारांचा, आणि सिनेमातल्या न बोलणाऱ्या नायिकेच्या वतीनंच गातोय हे आपल्याला कळतं. शरीर तेच, चेहरा तोच. पहिल्या सिनेमात त्याच्या ताकदीचं कौतुक वाटतं, दुसऱ्यात त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं. मला 'अनुपमा'तला धर्मेंद्र हिंदी सिनेमातला सर्वांत सुंदर पुरुष वाटतो आणि यावर मी कितीही वेळ वाद घालायला तयार आहे.

तुमच्या 'दीवार'चं कोडं जुनं आहे. 'कॅसाब्लांका'मध्ये (१९४२) हीच मांडणी आहे. नायिकेचा नवरा उंच, रुबाबदार, ध्येयवादी. आणि हम्फ्री बोगार्ट बुटका, सुरकुतलेला, थकल्या डोळ्यांचा. इंग्रिड बर्गमनची नजर बोगार्टवर थबकते आणि तिच्यामागोमाग सगळ्या जगाची थबकली. ज्याला आतून काहीतरी लागलंय, त्याच्याकडे आपण बघतो.

तिरपा_उजेड

मी कॅमेऱ्यामागे काम करतो, त्यामुळे वेगळ्या बाजूनं सांगतो. रेखीव चेहऱ्यावर प्रकाश टाकणं सोपं असतं. कुठूनही टाका, तो छानच दिसतो. पण मग तो सगळ्या शॉटमध्ये तसाच दिसतो, तासाभरानंतरही तोच. याउलट गालफडं आत गेलेली, कातडी खडबडीत, पापण्या जड, असा चेहरा मान जराशी वळली तरी बदलतो. सावली सरकते. बघणाऱ्याला पुढच्या क्षणी काय दिसेल ते ठाऊक नसतं, म्हणून तो बघत राहतो.

ओम पुरींचा 'आक्रोश' (१९८०) आठवा. गोविंद निहलानींनी दिग्दर्शनही केलं आणि कॅमेराही स्वतःच सांभाळला. सिनेमाभर पुरी जवळपास बोलतच नाहीत. व्रणांनी भरलेला तो चेहरा अंधारातून अर्धवट बाहेर येतो आणि त्यावरून नजर हलवता येत नाही. रूढ अर्थानं त्यांना कुणी देखणं म्हटलं नसतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर असा चेहरा जन्मात एकदा मिळतो.

इरफानच्या डोळ्यांचंही असंच. पापण्या इतक्या खाली की डोळ्यात उजेड जेमतेम पोचतो. मग तो क्षणभर पापणी वर उचलतो, बुबुळात दिव्याचा ठिपका चमकतो आणि आपल्याला वाटतं, आत्ता याच्या मनात काहीतरी घडलं. टपोऱ्या डोळ्यांच्या नटात तो ठिपका कायमच असतो, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. हाँगकाँगचा टोनी लेउंग 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये (२०००) अरुंद बोळांत, दिव्याखाली, सिगारेटच्या धुरात जे करतो तेही याच जातीचं. त्या कामासाठी त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि त्यात तो मोठ्यानं म्हणून काहीच करत नाही.

आवाजही विसरू नका. अमिताभचा चेहरा लोकांना माहीत व्हायच्या आधी 'भुवन शोम'मध्ये (१९६९) त्याचा आवाज निवेदक म्हणून वाजला होता. फोटोत आवाज येत नाही. तुमच्या भाचीच्या स्पर्धेत त्याचं अर्धं भांडवल वजाच झालं.

शिवरंजनी

मला इथे विनोद खन्नाच्या बाजूनं उभं राहायचंय, कारण वरचं सगळं वाचून असं वाटतंय की देखणं असणं हा जणू त्याचा दोष होता. तसं नाही. त्याला मिळालेलं काम बघा. सुरुवात खलनायक म्हणून. 'मेरा गाँव मेरा देश'मध्ये (१९७१) डाकू जब्बर सिंग. तिथे त्याच्या रूपाची भीती वाटते, आणि नायक धर्मेंद्र असूनही आपण डाकूची वाट बघतो. त्याच वर्षी 'मेरे अपने'मधला रस्त्यावरचा तरुण. मग गुलजारांचा 'अचानक' (१९७३), ज्यात एकही गाणं नाही. बायकोचा आणि मित्राचा खून केलेला लष्करी अधिकारी, ज्याला डॉक्टर मरणातून वाचवतात ते फाशीसाठी. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून तो नर्सशी, डॉक्टरांशी ज्या मोकळेपणानं बोलतो, ते बघा आणि मग सांगा ओढ वाटत नाही म्हणून. 'इम्तिहान'मधला (१९७४) मास्तरही बघा. उनाड पोरांना न रागावता सरळ करणारा, आणि त्या पोरांपेक्षा फार मोठा नसलेला.

पुढे मोठ्या बॅनरच्या सिनेमांत त्याला अमिताभच्या शेजारी उभं केलं गेलं. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) तर तो अमिताभला चांगलाच चोप देतो. पण पुढे एकदा मार खाल्ल्यावर आरशाशी बोलण्याचा प्रसंग अमिताभला मिळाला. विनोद खन्नाच्या अमरला रडायला, चुकायला, हरायला जागाच लिहिली नाही. आणि मग १९८२ मध्ये, ऐन भरात असताना, तो सगळं सोडून ओशोंकडे निघून गेला. पाच वर्षांनी परतला तोवर काळ बदललेला. मला तर त्याचं ते जाणंसुद्धा त्याच्या आकर्षणाचा भाग वाटतं. ज्याला आपल्या रूपाची किंमत माहीत आहे आणि तरीही जो त्यात अडकला नाही, असा माणूस.

नऊ_ते_बारा

शाहरुखचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. आमच्या पिढीसाठी हा प्रश्न त्याच्यापासून सुरू होतो. १९९३ मध्ये 'बाजीगर' आणि 'डर', दोन्हीत तो भीतिदायक. दोनच वर्षांनी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. त्यात मुलीची आई स्वतः दागिने हातात देऊन म्हणते, हिला घेऊन पळून जा, आणि तो नाही म्हणतो. शरीर कमावलेलं नाही, नाक-डोळे साधारण, केस नेहमी विस्कटलेले. पण मुलीशी बोलताना तो तिच्याचकडे बघतो. पुढे 'ओम शांती ओम'साठी (२००७) त्यानं पोटाच्या घड्या कमावल्या, त्यातल्या 'दर्द-ए-डिस्को' गाण्यात तो पाण्यातून येतो, आगीतून येतो, सगळं झालं. मला विचाराल तर 'स्वदेस'मधला (२००४), साध्या शर्टातला, रेल्वेच्या खिडकीतून त्या मुलाकडून पाणी घेऊन पिणारा शाहरुख त्याच्या कितीतरी पुढे आहे. तिथे तो कुणावर छाप पाडायला उभाच नाही.

चंद्रकोर

सगळ्यांचे आभार. नऊ_ते_बारा, तुमच्या "तिच्याचकडे बघतो" या वाक्याशी मी थांबले. माझं उत्तर मला तिथे सापडतंय असं वाटतं.

'मुघल-ए-आझम'मधला (१९६०) पिसाचा प्रसंग घ्या. मागे तानसेनाचं गाणं चालू, आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा. सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो. दिलीपकुमार त्यात जवळजवळ हलत नाही. कॅमेरा बराच वेळ मधुबालाच्या चेहऱ्यावर आहे. सलीम किती मोहक आहे हे आपल्याला तिच्या मिटत्या डोळ्यांतून कळतं. आणि तिचे डोळे मिटतात, कारण तो तिच्याकडे इतकं लक्ष देऊन बघतोय की जणू त्याला राज्यबिज्य काही नाहीच.

'लंचबॉक्स'मध्ये (२०१३) तर इरफान आणि डब्यातून चिठ्ठ्या पाठवणारी ती बाई समोरासमोर भेटतही नाहीत. तो फक्त तिच्या चिठ्ठ्या वाचतो. एक म्हातारपणाकडे झुकलेला कारकून, चष्मा, तुसडा स्वभाव. पण कुणीतरी आपलं लिहिणं इतक्या सावकाश, शब्दन् शब्द वाचावं, ही ओढ केवढी मोठी आहे! हॉटेलात ती वाट बघत बसते, तो लांबून तिला बघतो आणि न भेटता निघून जातो. त्यानंतर मला तो आधीपेक्षा सुंदर दिसतो.

आणि फारुख शेख. 'चश्मेबद्दूर'मध्ये (१९८१) दीप्ती नवल दारावर साबणाची पावडर विकायला येते, प्रात्यक्षिक करून दाखवते, आणि हा अवघडून, पण मन लावून ऐकतो. आता त्याच सई परांजप्यांचा 'कथा' (१९८३) बघा. चाळ तीच आपल्या ओळखीची, आणि इथे फारुख शेख गोडबोल्या, थापाड्या बाशू. नसीरुद्दीन शाह सरळमार्गी राजाराम. चाळीतल्या सगळ्यांना बाशूची भूल पडते, आपल्यालाही पडते, कारण समोरच्याला "तू किती खास" असं वाटायला लावण्याची कला त्याच्याकडे आहे. फक्त इथे ते लक्ष खोटं आहे. नट तोच, हसू तेच, आणि शेवटाकडे तेच हसू नकोसं होतं. म्हणजे रूप नव्हेच. समोरच्या माणसाकडे तो खरोखर बघतोय की नाही, यावर माझी ओढ ठरते. शिवरंजनी, तुमचा 'अचानक' यात बसतो. तिथे विनोद खन्नाला ऐकायला माणसं मिळाली. उरलेल्या किती सिनेमांत मिळाली?

'दीवार' मात्र अजून पूर्ण सुटत नाही. विजय कुणाचं ऐकून घेणारा नाही. तिथे मधली_रांग म्हणतात ते लागलेपणच खरं असावं. आईच्या बाबतीत मात्र त्याचं सगळं लक्ष एकवटलेलं असतं, आणि तेच त्याला मिळत नाही.

पडद्यामागे

मराठीतलं एक नाव जोडतो, ते इथे यायलाच हवं: अरुण सरनाईक. काशिनाथ घाणेकर आले की प्रेक्षागृह उसळायचं, तो काळ मोठ्यांनी बघितलाय. 'पाठलाग' (१९६४) बघितला तर आजही त्या झळाळीची कल्पना येते. पण सरनाईकांची जादू वेगळी होती. 'सिंहासन'मध्ये (१९७९) ते मुख्यमंत्री आहेत, समोर डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले. खुर्ची डळमळतेय, प्रत्येक जण काहीतरी मागायला आलाय, आणि हा माणूस प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेतो, चेहऱ्यावर काहीही उमटू न देता. तिरपा_उजेड म्हणतात तसं, पुढच्या क्षणी काय दिसेल ते कळत नाही. 'घरकुल'मध्ये (१९७०) त्यांनी 'पप्पा सांगा कुणाचे' स्वतः गायलंय, तो आवाज ऐकून मग 'सिंहासन' बघा. इतकं मऊ बोलू शकणारा माणूस सत्तेत बसल्यावर किती सावध होतो ते दिसतं. १९८४ मध्ये अपघातात गेले. चंद्रकोर, तुमच्या भाचीला त्यांचा फोटो दाखवू नका, थेट 'सिंहासन' लावा. आणि मग तिनं कुणाला पहिला नंबर दिला ते इथे नक्की कळवा.