मदत हवी आहे: मोठीला सांताबद्दल खरे सांगायचे आहे, पण धाकट्याचे काय?
आम्ही भुसावळला राहतो. सांताच्या भेटवस्तूवर जळगावच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी राहिलेली आणि नावाचे अक्षर माझेच असल्याचे नऊ वर्षांच्या मुलीने ओळखले असून आता ती खरे काय ते थेट विचारते आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे बिशप असलेल्या आणि ज्यांच्यावरून सांताची कल्पना आली त्या संत निकोलस यांच्याविषयी तिला सांगून पाहिले, पण तिचे समाधान झाले नाही. तिच्याशी खोटे बोलायचे नाही, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे. मात्र पाच वर्षांचा धाकटा अजून मनापासून विश्वास ठेवतो, शिवाय शाळेतही नाताळला सांता येतोच. आपल्याला फसवले असे तिला वाटू नये आणि भावाशी खोटे बोलण्याचे ओझेही तिच्यावर पडू नये, अशा रीतीने हे नेमक्या कोणत्या शब्दांत सांगावे?