पिरानेसीच्या रोममध्ये माणसं एवढीशी का?

कमानदार
जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीची (१७२०–१७७८) रोमची एचिंग्ज (आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून छापलेली चित्रं) बघताना इमारत अंगावर येते. ‘सत्तेपुढे माणूस क्षुद्र’ हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. पण ते चित्रात नेमकं कुठे दिसतं? मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्यांना बोट ठेवून दाखवता येईल असं काही सांगा.

रेघोट्या
आधी क्षितिजरेषा शोधा. ‘वेदूते दी रोमा’ (रोमची दृश्यं) या त्याच्या मालिकेच्या १३५ प्लेटांपैकी बऱ्याच प्लेटांत ती अगदी खाली आहे, आणि इमारत समोरून न दाखवता तिरपी लावलेली. कोपरा आपल्याकडे येतो, भिंत पळत लांब जाते. निम्मा दरारा इथेच तयार होतो.

मग पट्टी घ्या. केस्तियुसच्या पिरॅमिडची (रोममधली प्राचीन कबर) खरी उंची सुमारे ३६ मीटर, म्हणजे पावणेदोन मीटरच्या माणसाच्या वीस-एकवीस पट. चित्रातलं गुणोत्तर त्याहून जास्त आलं तर माणूस आखूड केलाय. मात्र पायथ्याशी उभा असलेलाच माणूस मोजा. पुढच्या भागातला मोजलात तर हिशेब चुकलाच.

‘क्षुद्र प्रजा’ हे मला अर्धवट वाटतं. अवशेषांपाशी हातवारे करणारी फाटकी माणसं आहेत, रोमन फोरममध्ये तर गुरं चरतात (त्या जागेला तेव्हा ‘काम्पो वाच्चिनो’, गाईंचं मैदानच म्हणत). याउलट सेंट पीटर्सच्या चौकात नक्षीदार घोडागाडी. गेलेली रोमन सत्ता आणि तेव्हाची पोपची सत्ता, दोन्ही माणसांच्या कपड्यांवरून ओळखू येतात.

अ‍ॅसिडबाथ
दरारा आम्लातूनही येतो. तांब्याच्या प्लेटवर मेणाचा ग्राउंड (आम्ल अडवणारा थर), सुईने रेघा, मग आम्ल. सगळ्या रेघा एकाच बाइटमध्ये (आम्लातल्या एका बुडीत) खाऊ दिल्या तर जवळचं-लांबचं एकाच वजनाचं होतं आणि राजवाडा पुठ्ठ्यासारखा चपटा दिसतो. म्हणून पहिल्या हलक्या बाइटनंतर आकाश आणि लांबच्या भिंती वार्निशने झाकायच्या, प्लेट परत आम्लात, मग मधला भाग झाकायचा, असं करत जायचं. पुढची कमान शेवटपर्यंत उघडी राहते, तिच्या रेघा सर्वांत खोल.

नेहमीची चूक म्हणजे गर्द सावलीसाठी जाळीरेघा फार दाट घेणं. मधला ग्राउंड सुटतो, अख्खा पट्टा सपाट खाल्ला जातो, त्यात शाई टिकत नाही आणि काळ्याऐवजी मळकट राखाडी छापून येतो.

विद्यार्थ्यांना दाखवताना छाप कधीची आहे ते बघा. या प्लेटा पिरानेसीच्या मुलांबरोबर पॅरिसला गेल्या, १८३९ मध्ये रोमला परतल्या आणि छापणं चालूच राहिलं. झिजतात त्या आधी बारीक रेघा, म्हणजे आकाश आणि अंतर. उशिराच्या छापेवरून त्याच्या छायाप्रकाशावर मत देऊ नका.

तळटीप
चित्राखालचा मजकूरही वाचा. बऱ्याच वेदूतेंवर पत्ता आणि किंमत कोरलेली आहे: अडीच पाओली (तेव्हाची रोमची नाणी). ऐपतदार प्रवाशाने घरी न्यायचा माल होता हा.

आणि सत्तेचा खरा व्यवहार बघायचा तर रोमच्या प्राचीन अवशेषांवरच्या त्याच्या ‘आंतिकिता रोमाने’ (१७५६, चार खंड) या ग्रंथाचं मुखपृष्ठचित्र काढा. चित्रातल्या शिळेवरचा अर्पणलेख लॉर्ड शार्लमाँट या आयरिश सरदाराच्या नावाने होता. आश्रय मिळाला नाही, तेव्हा पिरानेसीने प्लेटवरून नाव काढलं. तांब्यावर हे सोपं नाही: स्क्रेपरने खरवडायचं, बर्निशरने घासायचं, खड्डा पडला तर मागून ठोकून वर आणायचा. रोमन लोक बदनाम सम्राटाचं नाव शिलालेखावरून छिन्नीने उडवत, तोच प्रकार चित्रातल्या शिळेवर केला. एरवी आश्रयदात्यापुढे वाकणारा कारागीर इथे न्यायाधीश झालाय.

कमानदार
पट्टीचा आणि शिळेचा, दोन्ही मुद्दे उद्याच वापरतो. आपल्याकडचं काही?

तळटीप
वेरूळ. जेम्स वेल्स या ब्रिटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या दुसऱ्या ब्रिटिश चित्रकाराने १८०३ मध्ये काढलेली २४ चित्रं. ती अ‍ॅक्वाटिंट आहेत, म्हणजे रेघेपेक्षा छटेवर भर. त्यामुळे दगडाचं वजन कसं आणलंय ते पिरानेसीशेजारी ठेवूनच बघा.