'चक्रीय' का 'आवर्ती'? (1,42,857 च्या निमित्तानं)

कपाशीवाला: मंडळी, वडिलोपार्जित तुकड्याचे दहा लाख आले, वाटेकरी सात. मोबाइलवर भागलं तं एकेकाले 1,42,857 अन् एक रुपया उरला. पुतण्या सातवीत हाये, तो म्हणे काका या आकड्याले दोनानं गुणून पाहा, आले 2,85,714, तिनानं 4,28,571, म्हणजे तेच सहाच्या सहा अन् तेच लायनीत, सुरुवात तेवढी बदलून राह्यली! सहानं गुणेपर्यंत हेच. पुतण्या याले 'चक्रीय' म्हणते, माह्या डोक्यात शाळेतला 'आवर्ती' बसला हाये. दोन्ही एकच का?

रिटायर मास्तर: एक नाही भाऊ. आवर्ती म्हणायचं ते दशांश रूपाला. 1/7 म्हणजे 0.142857142857..., तोच गट परत परत येते, गुणायची गरजच नाही. चक्रीय ही पूर्ण संख्या, गुणल्यावर फिरते ती. 1/13 पाहा, 0.076923 हा गट आवर्तीच आहे, पण त्याची दुप्पट 153846, अंकच बदलले. म्हणून आवर्ती गट सापडला की चक्रीय संख्या सापडलीच असं नाही. आणि तुम्ही 'आकडा' म्हणता ते सहा सुटे अंक का अख्खी संख्या, तेही ठरवा.

झाडीतला: सर, आमच्याकडं आकडा म्हणजे एक तं सट्ट्याचा नाई तं लाइनच्या तारेवर टाकाचा 😄 बाकी सातानं गुणलं का चाक बंद, 9,99,999.

कपाशीवाला: बरं, एका जागी याच संख्येले 'हर्षद' लिवलं होतं, हे पोट्ट्याचं नाव इथं काहून?

रिटायर मास्तर: नाव नाही, हर्ष + द, आनंद देणारी. जलद, वरद, सुखद यांतला 'द'. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलेला शब्द. अंकांच्या बेरजेनं भाग गेला की हर्षद. इथं बेरीज 27, भागाकार 5,291, बाकी शून्य. आणि ही कापरेकर संख्याही आहे, वर्ग 20408122449, तो मधून तोडा, 20408 + 122449, परत 142857 हजर! जगभर हे दोन्ही शब्द चालतात, आपल्याच पोरांना माहीत नाहीत याचं वाईट वाटते.

झाडीतला: मूळ हाये का संयुक्त?

रिटायर मास्तर: संयुक्त. 27 × 11 × 13 × 37. शिवाय 'न्यून', म्हणजे स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज 1,12,503, संख्येपेक्षा कमी. बेरीज बरोबर आली तर परिपूर्ण (6 = 1 + 2 + 3), जास्त आली तर विपुल, जशी 12.

कपाशीवाला: 'न्यून' आयकलं का कमीपणा वाटते बाप्पा, मी तं 'तुटीची' म्हणीन, काट्यावर कापसाची घट धरतात तशी. अन् उरलेला रुपया आत्यानं मागून घेतला, म्हणे माहेरचा हाये, मारोतीपुढं ठेवतो म्हणून सांगतलं तरी देईना.