वडिलांना सीपॅप यंत्राची सवय कशी लावावी?

प्रश्न (सांगली):
माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे काम पाहतात. झोपेत मोठ्याने घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबतो आणि मग ते दचकून उठतात. मिरजेत केलेल्या झोपेच्या तपासणीत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत असल्याचे दिसले. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र दिले आहे. परंतु मास्क लावला की जीव गुदमरतो, असे सांगून ते तो मध्यरात्री काढून ठेवतात. शस्त्रक्रियेने किंवा दुसऱ्या एखाद्या उपायाने हे टळेल का?

उत्तर (कराड):
ताई, तासाला ३० किंवा त्याहून अधिक हा आकडा तीव्र प्रकारात मोडतो, त्यामुळे यंत्र सोडण्याची घाई कृपया करू नका. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो आणि हे यंत्र हवेच्या दाबाने तो उघडा ठेवते. यंत्राची सवय लागली तर स्वतःचा श्वास बंद पडेल, अशी धास्ती माझ्या आईच्या मनात होती. श्वास तुझा तूच घेतेस, यंत्र फक्त वाट मोकळी ठेवते, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावल्यावर तिचा विरोध मावळला. नाकावरचा मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, असे दोन्ही प्रकार लावून पाहा. दिवसा वर्तमानपत्र वाचताना थोडा वेळ तो लावून बसण्याचा सराव करा आणि दाब हळूहळू चढवणारी सोय यंत्रात आहे का, ते विचारा. घसा कोरडा पडत असल्यास हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जोडता येतो. दाब मात्र घरच्या घरी बदलू नये.

उत्तर (मिरज, दंतवैद्य):
खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण आम्ही दातांच्या मापाने बनवतो. परंतु ते मुख्यतः सौम्य व मध्यम त्रासासाठी किंवा यंत्र अजिबात सहन न होणाऱ्यांसाठी असते. शस्त्रक्रियेचा उपयोग टॉन्सिल फार वाढलेले असणे यांसारख्या ठरावीक कारणांतच अधिक होतो, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. वजन जास्त असल्यास ते उतरवल्याने फरक पडतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांनी त्रास वाढतो.

उत्तर (सातारा):
वडील स्वतः गाडी चालवतात का? दिवसा डुलकी लागत असेल, तर उपचार लागू पडेपर्यंत महामार्गावर त्यांच्या हाती गाडी देऊ नका. पुढच्या भेटीला यंत्र सोबत न्या. रोजचा वापर किती तास झाला आणि मास्कमधून हवा किती गळते, याची नोंद बहुतेक यंत्रांत असते आणि तीवरून डॉक्टरांना नेमकी अडचण कळते.