सोफ्यावर बेस गायब, डायनिंगच्या खुर्चीत बसलं की छाती हादरते. सबवूफर बदलू की जागा?

ठाणेकर_पाच_एक

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो आणि जुना ५.१ सेट (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर, म्हणजे सब) इथे लावला. आधीच्या विटांच्या घरात तो सुरेख वाजायचा. इथे काहीच जमत नाहीये.

हॉल १६ बाय ११, उंची साडेनऊ फूट. मायवानचं बांधकाम, म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या. टीव्ही ११ फुटी भिंतीवर. सब दहा इंची, पोर्टवाला, २०० वॉटचा, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात. पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर पाच इंची वूफरचे. सोफा हॉलच्या बरोबर मध्यावर, कारण त्यामागे डायनिंग टेबल आहे.

सोफ्यावर बसलं की स्फोट, गडगडाट, इंजिनाची घरघर, सगळ्याचा एकच 'धूप' असा आवाज येतो. खोल काहीच उतरत नाही. आई म्हणते, बातम्या सांगणारा माणूस मडक्यात तोंड घालून बोलतोय. आणि मागे डायनिंगच्या खुर्चीत बसलं की तोच सीन छातीत जाणवतो. फोनवरचं डेसिबलचं अ‍ॅप मात्र जेमतेम ५८ दाखवतं. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने आपोआप होणारी जुळवणी) करून झालं. दुकानदार म्हणतो बारा इंची घ्या. घेऊ का?

दणका_प्रेमी

दहा इंची सबला एवढा हॉल झेपणार नाही, बारा इंची घ्याच. तोवर गेन (सबचा आवाज) वाढवा. आणि सब कोपऱ्यातून हलवू नका, कोपऱ्यातच सगळ्यात जास्त बेस मिळतो.

मंद्रसप्तक

ठाणेकर, एक रुपयाही खर्च करू नका. तुम्ही दिलेल्या मापांतच सगळं उत्तर आहे. मी नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो, त्यामुळे खोली आवाजाचं काय करते हे रोज नव्या नाट्यगृहात बघायला मिळतं. घरच्या हॉलमध्ये खोलीचा हात त्याहून जास्त असतो, कारण लाट खोलीपेक्षा लांब असते. ३५ हर्ट्झची एक लाट ३२ फुटांची होते आणि तुमचा हॉल १६ चा.

हे ३५ मी उगाच घेतलेलं नाही. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. ११२५ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा, खोलीची त्या दिशेची पहिली घुमण्याची कंपनसंख्या मिळते. १६ फुटांसाठी ती ३५, ११ साठी ५१, उंचीसाठी ५९. पहिल्या घुमण्यात भिंतींपाशी दाब सर्वात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुमचा सोफा नेमका तिथे आहे! म्हणून ३५ तुम्हाला ऐकू येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीत छातीवर येतं.

आता त्याची दुप्पट, ७०. त्या घुमण्यात भिंतींपाशी दाब जास्त असतोच, पण मध्यावरही जास्त असतो. म्हणजे सोफ्यावर ३५ गायब आणि ७० चा फुगवटा. स्फोट असो की इंजिन, ७० च्या आसपासचाच भाग वर येतो, म्हणून सगळं एकसारखं 'धूप' वाटतं. विटांच्या भिंती, लाकडी दारं-खिडक्या थोडा खर्ज गिळतात किंवा बाहेर जाऊ देतात. काँक्रीट तो जवळजवळ सगळा परत फेकतं. तोच सेट दोन घरांत वेगळा वाजतो तो त्यामुळे.

दणका_प्रेमी म्हणतात ते खरं आहे, कोपऱ्यात सब सगळ्यात मोठा वाजतो. पण तो खोलीचं प्रत्येक घुमणं पूर्ण जोराने चालवतो म्हणूनच मोठा वाजतो. तुम्हाला बेस कमी पडत नाहीये, तो विषम पसरलाय. बारा इंची आणलात तर ७० अजून फुगेल आणि ३५ सोफ्यावर तरीही येणार नाही. इक्वलायझरने ३५ वर ढकलायचा मोहही टाळा. सहा डेसिबल वाढवायचे तर अ‍ॅम्पला चौपट ताकद लागते, म्हणजे २०० वॉटच्या जागी ८००, आणि जिथे लाटा एकमेकींना खोडतात तिथे ओतलेलं सगळं पुन्हा खोडलंच जातं. फुगवटा मात्र इक्वलायझरने बिनधास्त कापा, त्यात नुकसान नाही.

करायचं काय? सब कोपऱ्यातून काढा आणि बाजूच्या भिंतीलगत, टीव्हीच्या भिंतीपासून ४ फुटांवर ठेवा. लांबीच्या चौथ्या हिश्शावर ७० चं घुमणं शून्याला येतं, तिथे बसलेला सब ते चालवूच शकत नाही. ३५ तो तिथूनही बऱ्यापैकी चालवेल. मग सोफा जमेल तेवढा मागे घ्या. दीड-दोन फूटही पुष्कळ होतात, मध्य सोडायचा एवढंच. हॉल पॅसेजकडे उघडा असेल तर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, म्हणून मोजून बघा.

मडक्यातल्या निवेदकाचं कारण बहुधा दुसरं आहे. रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये जा. ऑटो कॅलिब्रेशन पुष्कळदा बुकशेल्फला 'लार्ज' (सगळा बेस स्वतः वाजवणारा) ठरवतं किंवा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ४० ला ठेवतं. पाच इंची वूफरला ते पेलत नाही. सगळे 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८०. एलएफईचा (सिनेमातल्या वेगळ्या बेस चॅनलचा) लो-पास १२० वर. आणि सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत उघडा, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात आणि ८० च्या खाली खड्डा पडतो. रिसीव्हरने सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते दुरुस्त करू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

फोनच्या अ‍ॅपचे ५८ सोडून द्या. ती अ‍ॅप्स बहुतेक 'ए' वेटिंगने, म्हणजे कानासारखे खालचे सूर कमी धरून, मोजतात. त्यात ६३ हर्ट्झ २६ डेसिबलने आणि साडेएकतीस हर्ट्झ ३९ डेसिबलने कमी धरला जातो. अ‍ॅपमध्ये 'सी' वेटिंग (खालचे सूर फारसे न कापणारं) असेल तर ते लावा. त्याहून चांगलं म्हणजे यूएमआयके-१ सारखा यूएसबी माइक कुणाकडून दोन दिवस मागून आणा. रूम ईक्यू विझर्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला, टोक छताकडे, ९० अंशांची कॅलिब्रेशन फाइल, १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर). स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) बंद, नाहीतर खड्डे दिसत नाहीत.

माइक मिळेपर्यंत कान आहेतच. चांगल्या ध्वनिमुद्रणातला एकल तबला लावा आणि फक्त डग्गा ऐका. मनगट दाबत मींड काढली की सूर सरकत वर जातो. खोली सरळ असेल तर तो सूर एका जोराने सरकतो. फुगवटा असेल तिथे तो अचानक अंगावर येतो आणि पुढे पुन्हा दबतो. कुठल्याही महागड्या डेमो डिस्कपेक्षा मला हीच परीक्षा जास्त भरवशाची वाटते.

वरच्या_मजल्यावरून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या खालच्या घरात असाच सेट आहे. ते म्हणतात अ‍ॅपवर आवाज मर्यादेत आहे. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहेत, पण तेही 'ए' वेटिंगचेच. आमच्याकडे बोलणं एक अक्षर ऐकू येत नाही, पण पलंग थरथरतो. वर जे लिहिलंय ते वाचून पहिल्यांदा कळलं की आकडा खोटा नाही आणि आमचा त्रासही खोटा नाही. सबखाली रबराचे पॅड घातले तर फरक पडतो का?

मंद्रसप्तक

ताई, पॅडने लादीत थेट उतरणारी थरथर कमी होते, तेवढा फायदा नक्की. पण हवेतून जाणारा खर्ज पॅड अडवत नाही, तो स्लॅबमधून येणारच. त्यांना दोन गोष्टी सांगा. सब कोपऱ्यातून हलवून फुगवटा कापला तर तुमच्याकडे येणारा सगळ्यात वाईट सूर उतरतो, आणि त्यांचं ऐकणंही सुधारतं. दुसरं, रात्री रिसीव्हरवरचा नाइट मोड लावायला सांगा, मोठे-लहान आवाज त्यात जवळ आणले जातात. हा विषय भांडणाचा नाही, चहाला बोलावून खोलीत दोघांनी मिळून ऐकायचा आहे. त्यांना तुमच्या घरात पाच मिनिटं उभं करा आणि खाली तो सीन लावा.

ठाणेकर_पाच_एक

मंद्रसप्तक, मनापासून आभार. मित्राकडून माइक आणला. आधी काहीही न हलवता मोजलं: ७१ ला शेजारच्या पातळीपेक्षा ११ डेसिबल वर, ३४ ला खोल दरी. तुम्ही मापांवरून सांगितलेलं जवळपास तसंच्या तसं स्क्रीनवर! रिसीव्हरने बुकशेल्फ 'लार्ज' ठेवले होते, तेही खरं निघालं.

सब ४ फुटांवर नेला, सोफा दोन फूट मागे घेतला, डायनिंग टेबल आडवं करून भिंतीला लावलं. आता ७१ चा फुगवटा ४ डेसिबलवर आलाय आणि दरी अर्ध्याहून जास्त भरली. डग्गा ऐकला, मींड पहिल्यांदा सलग ऐकू आली. आईने बातम्या लावल्या आणि काही बोलली नाही, म्हणजे मडकं गेलं.

दोन शंका. सोफ्याच्या मधल्या सीटवर ५१ ला अजून खड्डा आहे, कडेच्या सीटवर नाही. आणि कोपऱ्यांत फोम लावला तर उरलेलं घुमणं जाईल का?

मंद्रसप्तक

५१ म्हणजे तुमची ११ फुटी रुंदी, आणि मधली सीट रुंदीच्या मध्यावर आहे. सोफा सहा-आठ इंच एका बाजूला सरकवून बघा, टीव्हीवरून नजर फारशी हटणार नाही. एवढ्याने भागलं नाही तर मग दुसरा सब. मोठा नको, हाच, दहा इंची. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, एक मागच्या भिंतीच्या मध्यावर. तिथून रुंदीचं पहिलं घुमणं चालवलंच जात नाही आणि लांबीचं दोघे मिळून खोडतात, त्यामुळे प्रत्येक सीटवर जवळजवळ सारखं ऐकू येतं. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये सबच्या संख्येवर आणि जागांवर पेपर मांडला होता, त्यातही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब उत्तम ठरले होते. लांबीचा ७० चा फुगवटा मात्र या जागांवरून परत येईल, तो इक्वलायझरने कापावा लागेल.

फोमवर पैसे घालू नका. दोन इंची फोम ५० हर्ट्झला काहीच करत नाही, वरचे आवाज तेवढे मारतो आणि खोली बोदी होते. लावायचंच तर ४८ घनतेचा (किलो प्रति घनमीटर) रॉकवूल, किमान चार इंच जाड, कापडात नीट गुंडाळलेला, भिंतीपासून चार इंच सोडून मागच्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत. त्यानेही ५१ थोडासाच आटोक्यात येईल, ७० च्या वर मात्र फरक स्पष्ट दिसेल. आधी सोफा सरकवून पुन्हा स्वीप घ्या, तिन्ही सीटवर, आणि तिन्ही आलेख इथे टाका. वॉटरफॉलही टाका, कुठला सूर किती वेळ लोंबकळतो ते बघून रॉकवूल लागतो की नाही ते ठरवू.